वाचकांचे प्रश्न : मासळीच्या गावात शाकाहाऱ्याने का जावे?

या वेळची तीनही पत्रे एकाच गावाविषयीची आहेत. पहिल्या पत्राचा उल्लेख मागील अंकात झाला होता आणि तो वाचून उरलेली दोन आली, म्हणून तिन्हींची उत्तरे एकत्रच देत आहे.

प्रश्न : आमची मुलगी इंग्लंडमध्ये लीड्स येथे नोकरीस आहे. जुलैच्या मध्यापासून पाच आठवडे आम्ही उभयता तिच्याकडे जाणार आहोत. लंडनसाठी चार दिवस ठेवले आहेत. त्याखेरीज तिने व्हिटबी नावाच्या समुद्रकाठच्या गावी दोन दिवस राहण्याची सोय केली आहे. ह्यांचे म्हणणे असे की, मासळीचे बंदरच पाहायचे तर रत्नागिरी काय वाईट आहे, आणि आम्ही तर मासे खातही नाही. शिवाय माझे गुडघे दुखतात आणि तिथे 199 पायऱ्या आहेत असे ऐकते. ते दोन दिवस लंडनला जोडावेत का? — एक वाचक भगिनी, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : जोडू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. लंडनमध्ये चाराचे सहा दिवस केले तरी पाहायचे राहिलेलेच राहते, आणि राजवाड्यांचे म्हणाल, तर जयविलासची झुंबरे पाहत मोठ्या झालेल्या ग्वाल्हेरकरांना त्यांचे अप्रूप ते किती असणार? व्हिटबी मात्र दोन दिवसांत पायी पाहून होते, आणि त्या गावातल्या बऱ्याच गोष्टी आपल्या देवघरापासून आपल्या बखरींपर्यंत कुठे ना कुठे येऊन भिडतात. मी तिथे दोन वेळा गेलो आहे. पहिल्या वेळी तुमच्या यजमानांप्रमाणेच कुरकुरत गेलो होतो, हेही सांगून टाकतो.

यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर एस्क नावाची लहानशी नदी दोन उंच कड्यांच्या मधून समुद्राला मिळते, तिथे हे गाव आहे. पूर्वेच्या कड्यावर भग्न मठ आणि सेंट मेरीचे जुने चर्च, पश्चिमेच्या कड्यावर राणी व्हिक्टोरियाच्या काळातली हॉटेले, खाली दोन्ही काठांना लाल कौलांची घरे, आणि मध्ये एक फिरता पूल, जो गलबत आले की दोन बाजूंना वळून वाट करून देतो. पूल बंद असेपर्यंत दोन्ही काठांवरची माणसे आपल्याकडच्या रेल्वे फाटकासारखी खोळंबून उभी राहतात. फरक इतकाच की, कोणी खालून वाकून निसटत नाही.

मठापासून सुरुवात करावी. इसवी सन 657 मध्ये हिल्डा नावाच्या राजकुळातल्या संन्यासिनीने तो स्थापन केला. स्त्री आणि पुरुष दोघेही तिथे राहत आणि दोघांवरही तिचीच सत्ता चाले. 664 मध्ये याच मठात एक धर्मसभा भरली. वाद कशाचा होता? सणाच्या तारखेचा. ईस्टर कोणत्या गणिताने धरायचा, यावर आयरिश परंपरेचे भिक्षू आणि रोमचे अनुयायी यांचे जमत नव्हते. नॉर्थंब्रियाचा राजा ओस्विऊ आयरिश गणना पाळणारा, तर त्याची केंटमधून आलेली राणी रोमन गणना पाळणारी. त्यामुळे एखाद्या वर्षी राजाचा उपवास सुटून सण सुरू झालेला असे आणि त्याच वाड्यात राणीचा उपवास अजून चालूच असे. टिळक पंचांग आणि दाते पंचांग यांच्या अधिकमासातल्या फरकामुळे एकाच आळीत दोन वेगवेगळ्या महिन्यांत गणपती बसलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. राजाने निकाल रोमच्या बाजूने दिला. हिल्डा स्वतः दुसऱ्या पक्षाची होती, तरी तिने तो मानला. केडमन हा नावाने ज्ञात असलेला पहिला इंग्रजी कवीही याच मठातला, आणि तो मूळचा गुराखी. आज दिसतात त्या उंच कमानी मात्र हिल्डाच्या काळच्या नाहीत. त्या बहुतांशी तेराव्या शतकातल्या आहेत. 1539 मध्ये आठव्या हेन्रीने मठ बंद केला, पुढे छपरे गेली, आणि 16 डिसेंबर 1914 रोजी जर्मन युद्धनौकांनी गावावर तोफा डागल्या तेव्हा उरलेल्यातलेही काही पडले.

तुमच्या गुडघ्यांचे उत्तर इथेच देतो. 199 पायऱ्या आहेत हे खरे, परंतु त्या बुटक्या आहेत आणि वाटेत जागोजाग लाकडी बाके आहेत. ती बाके पूर्वी चर्चकडे प्रेत नेणाऱ्या खांदेकऱ्यांना शवपेटी टेकवून दम खाण्यासाठी होती. आता त्यांवर पर्यटक आइस्क्रीम खात बसतात. उरवाई दरवाजाने किल्ल्यावर पायी गेलेल्या माणसाला ही चढण काहीच नाही. तरीही जिवावर येत असेल, तर मठाच्या जवळपर्यंत मोटार जाते. मुलीला वरपर्यंत गाडी न्यायला सांगावे आणि पायऱ्या फक्त उतरण्यासाठी ठेवाव्यात. अर्थात उतरणेच गुडघ्यांना अधिक जाचते, असे डॉक्टर म्हणतात. तेव्हा याचा निर्णय तुम्हीच घ्यावा.

बंदराचा धंदा एकच राहिला नाही, हे लक्षात ठेवून खालचे गाव पाहिले तर अधिक कळते. 1753 ते 1837 या काळात इथून देवमाशांच्या शिकारीसाठी जहाजे उत्तर ध्रुवाकडे जात आणि धक्क्याजवळ चरबी कढवली जात असे. पश्चिमेच्या कड्यावर देवमाशाच्या जबड्याच्या हाडांची कमान त्याच्या आठवणीसाठी उभी आहे. सध्याची हाडे 2003 मध्ये अलास्काहून आणलेली आहेत. 1746 मध्ये अठरा वर्षांचा जेम्स कुक इथल्या जॉन वॉकर या जहाजमालकाकडे उमेदवारीला लागला. ग्रेप लेनमधल्या मालकाच्या त्या घरात आता संग्रहालय आहे. पुढे कुक जगभर गेला तो ‘एन्डेव्हर’ या जहाजातून. ते 1764 मध्ये व्हिटबीतच बांधलेले, मूळचे कोळसा वाहणारे गलबत होते. तळ सपाट असल्यामुळे ते उथळ पाण्यात चालत असे आणि वेळ पडल्यास सरळ वाळूवर ओढून घेता येत असे, म्हणून नौदलाने ते विकत घेतले. कुक जिथे जिथे उतरला तिथल्या मूळच्या लोकांचे पुढे काय झाले, याचाही विचार संग्रहालयातून बाहेर पडताना मनात असावा.

आणि मग मासळी. एकेकाळी हेरिंग, पुढे कॉड आणि हॅडक. आज धक्क्यावर सर्वांत जास्त दिसतात ते शेवंड आणि खेकडे पकडण्याचे पिंजरे. मी सकाळी सातच्या सुमारास गेलो तेव्हा एक म्हातारा कोळी पिंजऱ्याची फाटलेली जाळी निळ्या दोरीने विणत होता. दोरी दातात धरायची, एका हाताने गाठ मारायची आणि दुसऱ्या हाताने पिंजरा गुडघ्यावर फिरवायचा, असे त्याचे चालले होते. पाच मिनिटे मी पाहत उभा राहिलो तरी त्याने मान वर केली नाही. ही माणसे थोडी उरली आहेत. गावातली घरे बाहेरचे लोक सुट्टीसाठी विकत घेतात आणि भाव स्थानिकांच्या आवाक्याबाहेर जातात, ही तिथली मोठी तक्रार आहे. 2022 च्या जूनमध्ये गावकऱ्यांनी मतदान घेऊन अशा दुसऱ्या घरांवर बंधन असावे, असा कौल प्रचंड बहुमताने दिला. म्हणून तुमच्या मुलीला एक सुचवतो. जागा घेताना, रिकामे ठेवून भाड्याने दिलेल्या घरापेक्षा मालक स्वतः राहत असलेल्या घरातली खोली मिळते का, ते पाहावे. नाश्ताही गरम मिळतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी तुमच्या यजमानांना मुद्दाम पाठवू इच्छितो, ती सांगतो. समुद्राने या गावाचे पुष्कळ नेले आहे. 9 फेब्रुवारी 1861 च्या वादळात इथल्या जीवरक्षक नौकेने एका दिवसात पाच वेळा बुडत्या जहाजांवरची माणसे आणली. त्यानंतरच्या खेपेला ती उलटली आणि एक सोडून सर्व वल्हेकरी बुडाले. वाचला तो हेन्री फ्रीमन, कारण नव्या पद्धतीचे बुचाचे जाकीट एकट्याने घातले होते. त्यानंतर त्रेपन्न वर्षांनी, 30 ऑक्टोबर 1914 च्या पहाटे, युद्धामुळे किनाऱ्यावरचे दिवे मालवलेले असताना, जखमी सैनिकांना आणण्यासाठी निघालेले एक रुग्णालय-जहाज मठापासून मैलभर अंतरावरच्या सॉल्टविकच्या खडकांवर आदळले. त्या जहाजाचे नाव होते ‘रोहिला’.

नाव वाचून मी कड्यावर थबकलो. ज्यांच्या गावात महादजींचे नाव रोज घेतले जाते, त्यांनाही हे नाव परके नाही. 1760 मध्ये बुराडीच्या घाटावर दत्ताजी शिंदे पडले ते नजीबखान रोहिल्याशी लढताना, आणि 1788 मध्ये दिल्लीत बादशहाचे डोळे काढणाऱ्या गुलाम कादर रोहिल्याला पुढच्या वर्षी महादजींनी देहान्त दिला. हे जहाज कलकत्त्यात उगम पावलेल्या ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन या कंपनीचे होते आणि त्याच्या जोडीच्या जहाजाचे नाव ‘रेवा’ होते. आपल्या मुलुखाची नावे अशी परक्या खडकांवर जाऊन फुटली.

जहाज किनाऱ्याच्या इतके जवळ होते की, वरची माणसे कड्यावरून ओळखू येत होती, पण लाटांमुळे तिथवर पोचता येत नव्हते. त्यावर 229 माणसे होती. गावकऱ्यांनी वल्ह्यांची जीवरक्षक नौका खडकांवरून ओढत नेऊन दोन खेपांत 35 जणांना आणले, आणि त्या ओढाताणीत नौकेचा तळ फुटला. दुसऱ्या नौका आल्या, त्यांचेही काही चालले नाही. काही लोक पोहत निघाले. त्यांतले काही पोचले, आणि कित्येकांना गावकऱ्यांनी छातीभर पाण्यात साखळी धरून बाहेर काढले. तिसऱ्या दिवशी टाइनमथहून एंजिनावर चालणारी नौका रात्रीच्या अंधारात चाळीस मैलांहून अधिक अंतर कापून आली आणि तिने उरलेल्या 50 जणांना सोडवले. सुमारे 85 माणसे गेली. वाचलेल्यांमध्ये मेरी रॉबर्ट्स नावाची परिचारिका होती. ती दोन वर्षांपूर्वी ‘टायटॅनिक’वरूनही वाचली होती. वल्ह्यांच्या नौकांच्या जागी एंजिनाच्या नौका हव्यात, हे या तीन दिवसांनी इंग्लंडला पटवून दिले. लंडनच्या कोणत्याही प्रेक्षणीय स्थळी ही हकीकत तुम्हाला ऐकायला मिळणार नाही. व्हिटबीत मात्र ती कड्यावर उभे राहून, खालचा खडक पाहत वाचता येते.

खरेदीबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी मुलगी जेटच्या दुकानात नेणारच. जेट म्हणजे सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वी समुद्रात बुडालेल्या वृक्षांचे दगडासारखे झालेले काळेभोर लाकूड. 1861 मध्ये राणी व्हिक्टोरियाचा पती वारला, राणीने काळे नेसले, दरबारात शोकासाठी जेटचेच दागिने चालू लागले, आणि व्हिटबीत शेकडो कारागीर हे मणी घासू लागले. आपल्याकडे काळा मणी सौभाग्याचा आणि तिथे तो वैधव्याचा. घ्यावा की घेऊ नये, हे आपल्या मनावर आहे. मी आमच्या घरी आणलेली माळ ‘छान आहे’ असे म्हणून कपाटात गेली, ती अजून बाहेर आलेली नाही. पारख सोपी आहे. खरे जेट हाताला हलके आणि कोमट लागते, आणि चकाकी नसलेल्या चिनी मातीच्या तुकड्यावर घासले तर तपकिरी रेघ उमटते. काळ्या काचेची तशी रेघ उमटत नाही.

लीड्सहून जाताना मोटारीऐवजी एका बाजूचा प्रवास तरी आगगाडीने करावा. पिकरिंगहून वाफेच्या एंजिनाची गाडी पठारावरून व्हिटबीपर्यंत जाते. सरकारने 1965 मध्ये बंद केलेला हा मार्ग हौशी लोकांनी 1973 मध्ये पुन्हा सुरू केला आणि आजही त्यावर पुष्कळसे काम स्वयंसेवकच करतात. श्योपूरच्या आपल्या दोन फुटी छोट्या लाइनीत ज्यांनी बालपणी प्रवास केला आहे आणि 2020 मध्ये ती थांबल्यावर ज्यांना हळहळ वाटली, त्यांनी ती गाडी पाहून येऊन इथे चार लोकांना सांगावे. तुम्ही ऑगस्टच्या मध्यानंतर गेलात, तर वाटेतले पठार हेदरच्या फुलांनी जांभळे झालेले दिसेल. स्वेटर न्यावा. ग्वाल्हेरच्या जुलैतून तिथे उतरणाऱ्याला तो उन्हाळा आहे हे खरे वाटत नाही, आणि समुद्रावरून धुके आले की भर दुपारी मठ दिसेनासा होतो.

प्रश्न : मागच्या अंकात व्हिटबीचे नाव वाचले. आम्ही गेल्या वर्षी त्याच किनाऱ्यावर होतो. आम्ही मासे न घेता नुसते बटाट्याचे तळलेले काप घेतले, आणि नंतर कोणी सांगितले की ते चरबीत तळतात. हे खरे आहे का? — एक वाचक, मुरार, ग्वाल्हेर

उत्तर : बऱ्याच ठिकाणी खरे आहे. यॉर्कशायरमध्ये मासे आणि बटाट्याचे काप गाईबैलाच्या चरबीत तळण्याची जुनी पद्धत आहे आणि पुष्कळ दुकाने ती अभिमानाने चालू ठेवतात. ते लपवत नाहीत; पाटीवर लिहिलेलेही असते, पण ‘बीफ ड्रिपिंग’ या शब्दांचा अर्थ आपल्याला माहीत नसतो. नकळत जे झाले, त्याचा मनाला त्रास करून घेऊ नये. यापुढे खिडकीशी जाऊन, तळण्यासाठी वनस्पती तेल वापरता का आणि माशांची कढई वेगळी आहे का, असे दोन्ही प्रश्न विचारावेत. पहिल्याचे उत्तर ‘हो’ असले तरी दुसऱ्याचे बहुधा ‘नाही’ असते. कडक व्रताच्या माणसाने चहा, स्कोन आणि मुरांबा यांवर दुपार काढावी आणि घरून नेलेल्या दशम्यांना शरम मानू नये.

जे मासे खातात त्यांच्यासाठी मात्र हेन्रिएटा स्ट्रीटवरचे धुरीघर ही पाहण्याची जागा आहे. हेरिंग हा आपल्या तारलीच्या कुळातला मासा. तो पाठीतून चिरून, मिठाच्या पाण्यात ठेवून, मग लाकडाच्या भुशाच्या मंद धुरावर टांगतात, म्हणजे त्याचा ‘किपर’ होतो. एकाच कुटुंबाकडे 1872 पासून चालत आलेल्या तिथल्या खोलीच्या भिंतींवर धुराचे डांबरासारखे थर चढले आहेत. वास कपड्यांना लागतो आणि परतीच्या बसमध्ये शेजारी उठून दुसरीकडे बसतो, हा माझा अनुभव आहे. आणि काहीही खाताना पाठ भिंतीला लावून उभे राहावे. तिथले समुद्रपक्षी ओंकारेश्वरच्या माकडांच्या वरताण आहेत आणि ते मागून येतात.

प्रश्न : मी नववीत आहे. व्हिटबीला ड्रॅक्युलाची कबर आहे आणि तिथे किनाऱ्यावर दगड झालेले साप सापडतात, असे मित्र म्हणतो. यातले काय खरे आहे? — एक विद्यार्थी, दौलतगंज, ग्वाल्हेर

उत्तर : कबर नाही. ड्रॅक्युला हे कादंबरीतले पात्र आहे. लेखक ब्रॅम स्टोकर 1890 मध्ये व्हिटबीला येऊन राहिला होता. हे नाव त्याला तिथल्या वाचनालयातल्या एका जुन्या पुस्तकात सापडले, आणि 1885 मध्ये तिथल्या वाळूत रुतलेल्या ‘दिमित्री’ नावाच्या रशियन जहाजावरून त्याने आपल्या कथेतले जहाज घेतले. कादंबरी 1897 मध्ये निघाली. तेव्हापासून लोक सेंट मेरीच्या चर्चमध्ये कबर कुठे आहे असे विचारत आले आहेत, आणि शेवटी कंटाळून चर्चला ‘अशी कबर इथे नाही, कृपया विचारू नये’ अशा अर्थाची सूचना लावावी लागली.

दगडाचे साप मात्र सापडतात. फक्त ते साप नव्हेत. हिल्डाने मठासाठी जागा साफ करताना सापांना शाप देऊन दगड केले, अशी तिथे दंतकथा आहे. दंतकथेत सापांना डोकी हवीत, म्हणून पूर्वीचे विक्रेते त्या दगडांवर डोकी कोरून विकत. वस्तुतः ते अमोनाइट, म्हणजे माकूळ आणि अष्टपाद यांच्या कुळातल्या, केव्हाच नष्ट झालेल्या प्राण्यांचे वेटोळे शंख आहेत. त्यांच्या एका जातीला हिल्डावरून ‘हिल्डोसेरस’ असे नाव दिलेले आहे. तुझ्या घरी किंवा आजीच्या घरी देवघरात शाळिग्राम असेल, तर त्याच्या छिद्रातून दिसणारे चक्र नीट पाहा. गंडकी नदीतला शाळिग्रामही अमोनाइटचाच जीवाश्म आहे. तेच कूळ एकीकडे विष्णूचे चक्र झाले आणि दुसरीकडे शापित साप झाले.

तिथल्या संग्रहालयात तुला आवडेल अशी आणखी एक वस्तू आहे : जॉर्ज मेरीवेदर या व्हिटबीच्या डॉक्टरने 1851 च्या लंडन प्रदर्शनात मांडलेल्या वादळसूचक यंत्राची प्रतिकृती. त्यात बारा बाटल्यांत बारा जळवा ठेवलेल्या असत. हवा बिघडू लागली की जळवा बाटलीच्या तोंडाशी चढत, तिथली बारीक पट्टी हलत असे, आणि वर घंटा वाजत असे. जितक्या अधिक जळवा चढतील, तितके वादळ नक्की. बारा जणींना ठेवले ते त्यांना एकटे वाटू नये आणि सर्वांचे मत मिळावे म्हणून, असे डॉक्टरांचे म्हणणे होते.

कधी गेलास, तर अमोनाइट वाळूतल्या सुट्या दगडांत शोधावेत. कडा हातोडीने फोडू नये, कारण तो आधीच ठिसूळ आहे आणि वरून दगड सुटतात. निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचे त्या दिवसाचे वेळापत्रक पाहावे आणि पाणी उतरत असतानाच किनाऱ्यावर उतरावे. सॉल्टविककडच्या बाजूला भरतीचे पाणी थेट कड्याला लागते आणि मागची वाट पुढच्या वाटेआधी बुडते.